पतंग आणि शिंजीर: तुलना कशी करावी

हमिंगबर्ड हॉकमॉथ हा दिवसा उडणारा पतंग. जांभळा शिंजीर हा चिमुकला गाणारा पक्षी. दोघेही फुलांतला रस पितात म्हणून त्यांची तुलना होते, आणि बहुतेक वेळा 'एक कीटक, एक पक्षी' यावर संपते. एवढ्यासाठी तुलनेची गरज नाही.

१. आकार. पतंगाचे माप पसरलेल्या पंखांच्या टोकांमधले असते, पक्ष्याचे चोचीपासून शेपटीपर्यंतचे. म्हणून ४०-४५ मिलिमीटर आणि सुमारे १० सेंटिमीटर हे आकडे शेजारी मांडू नका.

२. उडणे. पतंग सेकंदाला ७०-८० वेळा पंख मारत अधांतरी राहतो. शिंजीर क्षणभर तसे करतो, पण शक्यतो फांदीवर बसूनच पितो.

३. तोंड. घोळ होतो तो इथे, आणि मलाही ही पायरी उमगायला वेळ लागला. 'पतंगाची सोंड म्हणजे पक्ष्याची चोच' असे सर्रास लिहिलेले असते. ते मानू नका. शिंजीर चोचीने रस पीत नाही, जिभेने पितो. ती जीभ लांब, नळीसारखी आणि टोकाशी दुभंगलेली असते. सोंडेच्या शेजारी मांडायची ती जीभ. सोंडही अखंड नळी नव्हे: दोन अर्धे भाग कोषातून बाहेर आल्यावर एकमेकांना जोडले जातात, आणि काम नसताना ती डोक्याखाली गुंडाळलेली असते.

मग चोचीचे काय? तिला पतंगाकडे जोड नाही, आणि खरा फरक तिथेच आहे. चोचीने शिंजीर लांब फुलाच्या बुडाशी भोक पाडून रस काढू शकतो; तेव्हा परागकणांना तो शिवतही नाही. त्याच चोचीने तो किडे-कोळीही पकडतो. पतंगाच्या सोंडेला यातले काहीच जमत नाही. फुलाच्या तोंडातूनच आत जावे लागते. सोंड-चोच अशी जोडी लावलीत, की हे सगळे निसटते.

४. आयुष्य. प्रौढाशी प्रौढ एवढेच ताडून थांबू नका. पतंगाची अळी पाने खाते, शिंजीर पिल्लांना किडे भरवतो. रस ही दोघांच्याही आयुष्याची अर्धीच गोष्ट आहे.

५. आवाज. गाणे फक्त शिंजीराचे. पतंगाची नोंद करताना हा रकाना रिकामा ठेवा. पंखांची गुणगुण त्यात भरू नका.