तात्यांचं पोट साफ होईना: बेअर्डेड ड्रॅगन पाळताना या चुका टाळा

आमच्या घरात तात्या आहेत. वय ३ वर्षं, शेपटीसकट लांबी दीड फुटाच्या वर, आणि गळ्याखाली काट्यांची दाढी, म्हणून लेकीने ठेवलेलं हे नाव. बेअर्डेड ड्रॅगन हा मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखातला सरडा. आम्ही सिडनीत राहतो, इथे राज्य सरकारचा परवाना काढून तो पाळता येतो. गेल्या जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, तात्यांनी सलग ११ दिवस शी केली नाही. सांगलीहून आलेली आई म्हणाली, "एरंडेल पाज जरासं, कोठा मोकळा होईल."

पाजलं नाही ते बरं झालं. सरड्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. बळेबळे ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं, तर पोट राहिलं बाजूला आणि जिवावरच बेतायचं.

चूक आमचीच होती, पण ती खाण्यात नव्हती. दिव्यात होती.

आपल्या पोटाला लागणारी ऊब शरीरच तयार करतं. सरड्याची ऊब उसनी, बाहेरून घेतलेली. ती कमी पडली की आतडी संथ होतात, पाचकरस नीट काम करत नाहीत आणि खाल्लेलं जागच्या जागी पडून राहतं. काचेच्या पेटीत दिव्याखालच्या ज्या दगडावर तो ऊब घेतो, त्या दगडाचं तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सियस हवं. पेटीचं दुसरं टोक २५-२६ अंशांवर, म्हणजे तापल्यावर सरकायला जागा. आमचा काचेला चिकटवलेला गोल थर्मामीटर ३७ दाखवत होता, म्हणून आम्ही निवांत. शेवटी डोशाचा तवा तपासायला आणलेली इन्फ्रारेड गन दगडावर धरली, तर ३१! तो थर्मामीटर काचेजवळची हवा मोजत होता, तात्यांच्या पोटाखालचा दगड नाही. तेव्हा पोट बिघडलं की आधी दगड मोजा, मग जेवणाची वाटी बघा.

त्यात दुसरी चूक मिसळली होती. ऑफिसातून येऊन रात्री ८ला नाकतोडे खायला घालायचे आणि साडेआठला दिवे बंद. भरल्या पोटाने गार पेटीत झोपायचं म्हटल्यावर पचणार काय? शेवटचं खाणं दिवे मालवण्याआधी किमान दोन तास तरी द्या.

उष्णतेचा दिवा वेगळा आणि यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) ट्यूब वेगळी, हेही नवख्यांच्या लक्षात येत नाही. यूव्हीबीशिवाय ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि कॅल्शियम कमी पडलं की हाडांबरोबर आतड्यांचे स्नायूही ढिले पडतात. ट्यूब उजेड देत राहते, पण तिची यूव्हीबी आधीच उतरते, म्हणून साधारण वर्षाने बदलायची. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते.

बद्धकोष्ठ झालंच तर

३२ ते ३५ अंशांच्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवा. पाणी त्याच्या कोपरापर्यंतच, आणि समोरून हलायचं नाही, सरडा बुडू शकतो. पोटावरून शेपटीच्या दिशेने हलक्या बोटांनी चोळा, मग पुसून लगेच दिव्याखाली. जास्त वॅटचा दिवा लावल्यावर तिसऱ्या दिवशी तात्यांनी टबातच कार्यभाग उरकला. हा टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये मात्र धुऊ नका. सरड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो, हातही साबणाने धुवा.

पोट टणक लागतंय, कुंथूनही काही होत नाही, मागचे पाय ओढत चालतोय किंवा शीमध्ये रक्त दिसतंय, तर घरचे उपाय बंद आणि त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर.

वाळूबद्दल. "वाळवंटातला प्राणी आहे, वाळू हवीच," असं दुकानदाराने आम्हालाही ऐकवलं होतं. पण त्याच्या मूळ मुलखातली जमीन बरीचशी घट्ट, तुडवलेली असते, पिशवीतल्या भुसभुशीत वाळूसारखी नाही. भक्ष्यावर झडप घालताना ती तोंडात जाते, आणि अंगात पाणी कमी किंवा ऊब अपुरी असेल तर आत साचते. साधी फरशी किंवा किचन पेपर घाला, पुसायलाही सोपं.

खाण्याचं थोडक्यात: किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिल्लांना किडे जास्त, मोठ्यांना पालेभाजी जास्त. रोज पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आइसबर्ग लेट्यूसने नुसतं पाणी जातं आणि शी पातळ होते. अव्होकॅडो विषारी, अजिबात नको.

निरोगी शी म्हणजे तपकिरी गोळा आणि सोबत पांढरा, खडूसारखा भाग. हा पांढरा भाग म्हणजे त्याची लघवी. तो पिवळा आणि कडक झाला तर पाणी कमी पडतंय. दोन-तीन दिवस पातळ, चिकट आणि नेहमीपेक्षा घाण वासाची शी होत असेल तर जंत किंवा कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) यांची शंका घ्या, पण मनाने जंताचं औषध देऊ नका. थोडे पिनवर्म, म्हणजे बारीक जंत, धडधाकट सरड्यातही सापडतात, औषध लागतं की नाही हे तपासणीवरूनच ठरतं. त्यासाठी ताजा नमुना झिपच्या पिशवीत, मग डब्यात, आणि त्याच दिवशी नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये. डब्यावर ठळक नाव लिहा. आम्ही श्रीखंडाचा रिकामा डबा वापरला आणि नाव लिहायला विसरलो. आईने परत जाईपर्यंत आमच्या फ्रिजमधलं श्रीखंड खाल्लं नाही.