टेबलटॉप रोलप्लेइंग गेम नवख्यांना शिकवताना या चुका टाळा

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळकडे मित्रमंडळींना जमवून टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचा, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिकेतून गोष्ट पुढे नेण्याच्या खेळाचा, पहिला डाव मांडणारा हौशी गेम मास्टर बहुधा नियमपुस्तक उघडून बसतो आणि पहिला तास त्यातच संपवतो. नवख्याला सुरुवातीला इतके कळले तरी पुरते की गेम मास्टर प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतो, आणि निकाल खरोखर अनिश्चित असेल तेव्हाच फासा टाकला जातो. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असा खेळ आला तेव्हापासून नियमांची पुस्तके जाडजूड होत गेली, पण हा गाभा बदललेला नाही. पात्रेही आधीच तयार करून हाती द्यावीत. कोऱ्या कॅरेक्टर शीटपुढे, म्हणजे पात्राची माहिती भरायच्या कागदापुढे, नवखा माणूस बावरतो.

सर्वांत महागात पडणारी चूक फाशांची आहे. समजा, कथा येऊरच्या जंगलातील एका बंद बंगल्यात घडते आणि आत शिरल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत मध्यम अवघड कामाला १५ हा आकडा गाठावा लागतो, फाशाच्या आकड्यात पात्राच्या कौशल्यामुळे ३ ची भर पडत असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा त्याहून मोठा आकडा यावा लागतो, म्हणजे यशाची शक्यता ४५ टक्के. कुंपण, कुलूप आणि अंधारा जिना यांसाठी असे तीन वेगळे फासे मागितले, तर तिन्ही साधण्याची शक्यता जेमतेम ९ टक्के उरते, आणि खेळाडूला मात्र आपणच नालायक असल्यासारखे वाटते. सगळ्या घुसखोरीसाठी एकच फासा मागावा, आणि तो फसला तरी दार उघडू द्यावे. फक्त त्या आवाजाने रखवालदार जागा व्हावा.

आवाज बदलून अभिनय करण्याची सक्तीही नको. ‘माझे पात्र भिंतीआड लपते,’ एवढे म्हणणे हाही पुरेपूर खेळ आहे, आणि नाटकी संवादांचा आग्रह धरणारे याबाबत उगाच कडक असतात, असे माझे मत आहे. गप्प बसलेल्याला ‘काही सुचतंय का?’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘रखवालदार तुझ्याच दिशेने येतोय, तू काय करतोस?’ असे थेट विचारावे.

पाचाहून अधिक खेळाडू पहिल्या डावाला बोलावू नयेत, कारण प्रत्येकाची पाळी लांबते. कथा तीन तासांत संपणारी निवडावी आणि थांबण्याची वेळ आधीच ठरवावी, म्हणजे ट्रान्स-हार्बर लोकलने परतणाऱ्यांना ऐन लढाईतून उठावे लागणार नाही.