एल्म बोन्सायचा बुंधा घडवताना या चुका टाळा

चायनीज एल्मला फुटवा भरपूर आणि छाटणी सोसायची ताकद दांडगी. त्यामुळे बोन्साय शिकणाऱ्यांच्या हाती तो लवकर येतो आणि बुंध्याच्या चुकाही त्याच्यावरच जास्त होतात. झाड मरत नाही, म्हणून चूक लक्षात यायला दोन-तीन वर्षं जातात.

पहिली चूक घाईची. बोटाएवढं रोप उथळ कुंडीत बसवायचं, शेंडे खुडत राहायचं आणि बुंधा जाड व्हायची वाट बघायची. तो होत नाही. खोडावर चढणारं लाकूड पानांनी तयार केलेल्या अन्नातून येतं. पानंच वाढू दिली नाहीत तर ते येणार कुठून? रोप आधी जमिनीत किंवा चांगला निचरा होणाऱ्या मोठ्या कुंडीत लावा आणि शेंडा मोकळा सोडा. बुंध्याजवळची एखादी फांदीही लांब जाऊ द्या, तिच्या खालचं खोड भरतं. ही फांदी पुढे कापायचीच असते, त्यामुळे ती मागच्या बाजूची निवडा.

जाडी आली की खोड खाली कापायचं, आणि सगळ्यात जास्त झाडं इथे बिघडतात. नव्या वाढीच्या तोंडावर कापलेल्या एल्मला कापाच्या कडेने, साल आणि लाकूड यांच्या मधून, कोंबांची झालर फुटते. इतके कोंब बघून काढायचा जीव होत नाही. माझाही झाला नव्हता. मी एका झाडावर एकाच ठिकाणी पाच कोंब ठेवले. दोन वर्षांत तिथे ठसठशीत गाठ आली, आणि वर निमुळतं होत जायचं ते खोड वरच जाड दिसायला लागलं. शेवटी गाठीच्या खालून पुन्हा कापलं. दोन वर्षांची वाढ गेली.

कोंब बोटभर झाले की शेंडा म्हणून एकच निवडा. विरुद्ध बाजूचा एखादा लहान कोंब पहिल्या हंगामापुरता राहू द्या, नाहीतर त्या बाजूची साल खालपर्यंत वाळू शकते. बाकीचे काढा. नवा शेंडा बांबूसारखा सरळ वाढला तरी हात लावू नका. खोडाच्या जाडीच्या जवळपास आला की मगच कापा. असं दर वेळी नवा टप्पा आधीच्यापेक्षा थोडा आखूड ठेवून करत गेलं की निमुळता आकार येतो.

पहिल्याच दिवशी तिरका काप घेऊ नका. कोंब कुठून फुटेल ते आधी कळत नाही. थोडं वर, आडवं कापा. शेंडा पक्का झाल्यावर त्याच्या बाजूने खाली उतरता काप घ्या, कडा धारदार चाकूने गुळगुळीत करा आणि कट पेस्ट, म्हणजे जखम झाकायचा लेप, लावा.

वळण देण्यासाठी गुंडाळतात त्या तारेबद्दल एवढंच: वाढीच्या दिवसांत एल्म झपाट्याने जाड होतो, दर आठवड्याला बघा. रुतायला लागलेली तार उलगडू नका, तुकडे करून काढा. आणि जून खोड वाकवायच्या भानगडीत पडू नका, वळण कोवळ्यातच द्यायचं.

जखम भरत नसेल तर झाड लहान कुंडीत आहे का ते आधी बघा. साल कडेने आत सरकते ती जोमदार वाढीच्या बळावर. काप फारच मोठा असेल तर तो मिटवायचा हट्ट सोडून लाकूड कोरा आणि पोकळी ठेवा, फक्त आत पाणी साचणार नाही अशा उताराने.