डीफ्रॅग लावण्याआधी आणि लावताना

माझ्याकडे दुरुस्तीला येतात ते बहुतेक डेस्कटॉप हिशेबाच्या ऑफिसातले. टॅलीचा डेटा रोज थोडाथोडा वाढतो. शेजारी जागा मोकळी नसली की पुढचा तुकडा डिस्कवर भलतीकडे जाऊन पडतो आणि फाइल उघडताना डेटा वाचणाऱ्या हेडची धावपळ होते. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे) डिस्कला एक फेरा पुरा करायलाच ८.३ मिलिसेकंद लागतात. असे तुकडे शेकड्यांनी झाले की लेजर उघडेपर्यंत चहा येऊन जातो. हे विखुरलेले तुकडे पुन्हा सलग मांडणं म्हणजे डीफ्रॅग.

सर्चमध्ये 'डीफ्रॅग' टाइप करून 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज' उघडा. आधी 'मीडिया टाइप'चा रकाना बघा. तिथे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असेल तर डीफ्रॅगचा विषयच नाही. अशा ड्राइव्हला, म्हणजे एसएसडीला, हेड नसतं, तुकड्यांनी तिचं फारसं बिघडत नाही. तिला लागतं ते ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याची सूचना) विंडोज स्वतःच देतं. बाहेरचं डीफ्रॅग सॉफ्टवेअर तिच्यावर चालवू नका, उगाच झीज होते.

हार्ड डिस्क असेल तर पहिलं काम बॅकअप. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची तब्येत तपासा. पिवळ्या पट्टीत 'कॉशन' दिसलं तर डीफ्रॅग अजिबात नको. तासन्‌तास वाचणं-लिहिणं चालतं, त्यात आजारी डिस्क जाग्यावर बसू शकते. आधी डेटा काढा, डिस्क बदला. यात मी गिऱ्हाइकाचा आग्रह ऐकत नाही.

डिस्क ठणठणीत असेल तर जागा करा. किमान १५ टक्के मोकळी हवी, नाहीतर तुकडे सरकवायला वावच राहत नाही. डिस्क क्लीनअप चालवा, रिसायकल बिन रिकामा करा. मग 'अ‍ॅनालाइझ'. तुकड्यांचा आकडा १० टक्क्यांच्या वर गेला तरच 'ऑप्टिमाइझ' दाबा. टॅली बंद ठेवा, मशीन यूपीएसवर असू द्या. मोठ्या डिस्कला काही तास लागतात. मध्येच थांबवायचं झालं तर 'स्टॉप' दाबा, मेन स्विच नव्हे.

हे काम विंडोज खरं तर दर आठवड्याला आपणहून करतं. पण विंडोज १० मध्ये देखभालीची ठरलेली वेळ पहाटे २ ची, आणि ऑफिसात संध्याकाळीच मेन स्विच बंद होतो. म्हणून 'लास्ट रन'खाली (नव्या आवृत्त्यांत 'लास्ट अ‍ॅनालाइझ्ड ऑर ऑप्टिमाइझ्ड') कित्येकदा 'नेव्हर रन' दिसतं. कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिक्युरिटी अँड मेंटेनन्स'मध्ये जाऊन ती वेळ दुपारी २ करा. जेवणाच्या सुट्टीत मशीन चालू पण मोकळं असतं, तेवढ्यात काम होऊन जातं. पुढच्या आठवड्यात त्या रकान्यात तारीख पडली का, तेवढं बघा.