‘थ्री स्मार्ट गर्ल्स’ कसा पाहावा आणि मुख्य म्हणजे कसा ऐकावा

‘थ्री स्मार्ट गर्ल्स’ हा युनिव्हर्सल स्टुडिओचा १९३६ सालचा कृष्णधवल चित्रपट म्हणजे डिॲना डर्बिन या गायिकेचे पूर्ण लांबीच्या चित्रपटातील पदार्पण होय. तो लावण्यापूर्वी एमजीएम या स्टुडिओने त्याच वर्षी काढलेला ‘एव्हरी संडे’ हा छोटा लघुपट अवश्य पाहावा. त्यात डर्बिन आणि ज्युडी गार्लंड एकत्र गातात. डर्बिनचे गाणे ऑपेराच्या वळणाचे, तर गार्लंडचे जॅझच्या ठेक्यावरचे. हा फरक कानाने एकदा टिपला, की मुख्य चित्रपटात काय ऐकायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

कथानक साधे आहे. आईसोबत स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या तीन बहिणी, वडिलांचे एका धनलोभी स्त्रीशी होऊ घातलेले लग्न मोडण्यासाठी न्यूयॉर्क गाठतात. डर्बिन त्यांतली धाकटी, पेनी.

मोबाइलच्या स्पीकरवर हा चित्रपट ऐकू नये, कारण त्या काळच्या ध्वनिमुद्रणाचा पल्ला मुळातच मर्यादित असल्याने तार सप्तकातील स्वर त्यावर कर्कश होतात. चांगला हेडफोन वापरावा आणि ट्रेबल, म्हणजे उंच स्वरांची पातळी, वाढवू नये.

गाणी मोजकीच आहेत, म्हणून प्रत्येकाला वेळ द्यावा. माझ्या मते सर्वाधिक वेळ पोलीस ठाण्यातील प्रसंगाला द्यायला हवा. तेथे पेनी लुइजी आर्दिती यांचे ‘इल बाचो’ हे इटालियन गीत पोलिसांसमोर गाते. हा प्रसंग प्रथम सरळ पाहावा. नंतर डोळे मिटून, वॉल्ट्झच्या तीन मात्रा बोटांवर मोजत ऐकावा, म्हणजे वर चढतानाही तिचा आवाज बारीक न होता भरदारच राहतो, हे जाणवते. तिसऱ्या वेळी केवळ तिचा चेहरा पाहावा. चित्रीकरणाच्या वेळी चौदा वर्षांच्या असलेल्या या मुलीच्या मुद्रेवर गाण्याचे कष्ट कोठेही उमटत नाहीत. हॉलिवुडमधील आपला पहिलाच चित्रपट करणाऱ्या हेन्री कॉस्टर या दिग्दर्शकाने तिच्याकडून करून घेतलेल्या अभिनयाचे मोल मला येथेच सर्वांत अधिक वाटते.

यानंतर आठवडाभरात १९३७ चा ‘वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल’ पाहावा. त्यात संगीत-संचालक (कंडक्टर) लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांच्या वाद्यवृंदासोबत ती मोझार्टचे ‘आलेलुया’ गाते. ते संपताच पोलीस ठाण्यातील गाणे पुन्हा लावावे आणि भोवती वाद्यांचा मोठा ताफा असताना तोच आवाज कसा उभा राहतो, हे ताडून पाहावे.