सुरतेकडची जुनी गाडी खानदेशात घेताना

नवापूरमार्गे आलेली जीजे पाटीची जुनी गाडी स्वस्त वाटली, तरी तिला एमएच १८ (धुळे), १९ (जळगाव) किंवा ३९ (नंदुरबार) चा क्रमांक मिळण्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आणि महाराष्ट्राचा रस्ता कर लागतो. हा खर्च आधी विचारून घ्यावा आणि मगच भाव ठरवावा. आरसी पुस्तकावर बँकेचा बोजा असल्यास तो उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो, आणि तो हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.

पुराच्या पाण्याची खूण मात्र कागदावर नव्हे, गाडीतच शोधावी लागते. पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. एरवी गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची पुसट रेघ दिसली, किंवा स्टेपनीखालच्या खळग्यात वाळलेला चिखल आणि गंज आढळला, तर धुऊनपुसून चकचकीत केलेली ती गाडी, विक्रेता कितीही ओळखीचा असला तरी, मी घेणार नाही, कारण ओल शिरलेल्या वायरिंगचे दोष काही महिन्यांनी उमटतात. तपासणीला सकाळी जावे, गाडी आधी सुरू करू नका असे कळवावे, आणि पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून इंजिन खरोखर थंड असल्याची खात्री करावी.