विमान लेट आणि पोर कडेवर: या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या विमान-तिकिटांच्या दुकानात प्रश्न ठरलेला असतो, "ताई, सगळ्यात स्वस्त कुठलं?" विमान लेट झालं तर पुढं काय, हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न मला रात्री दीड वाजता फोनवर येतो, मागं लेकराचं रडणं चालू असताना. एकटा माणूस सहा तास खुर्चीत पेंगत काढतो. तीन वर्षांच्या पोराला घेऊन तेच सहा तास म्हणजे वेगळीच शिक्षा, आणि त्यातला निम्मा त्रास आपण घरातूनच बांधून नेलेला असतो.

उजळाईवाडीच्या विमानतळावरून मुंबई आणि त्याच रात्री परदेश

कोल्हापूर-मुंबईचं तिकीट वेगळं काढायचं, परदेशाचं वेगळं. "हाय की आठ तास मधी, लई झालं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण हाच शहाणपणा मी स्वतः करून बसले आहे, तोही या धंद्यात असताना.

मुलगी अडीच वर्षांची होती, भावाकडे जर्मनीला निघालो होतो. जुलै महिना. दुपारचं कोल्हापूरचं विमान, रात्री दोन वाजता मुंबईहून पुढचं. ढग खाली आले, आधी तासभर उशीर, मग अजून एक तास, आणि साडेतीनला रद्द. बाहेर येऊन गाडी ठरवली. पावसात, रस्त्याच्या कामातून, पोरीला दोनदा उलटी, खंबाटकीत तासभर ट्रकमागं. मुंबईत सहारच्या विमानतळावर काउंटरला पोचलो तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. चेक-इन विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतं, म्हणजे वीस मिनिटांनी हुकलं. विमान अजून गेटलाच उभं होतं आणि पोरगी काचेतून त्याला टाटा करत होती.

तिकिटं वेगळी असली की दुसऱ्या कंपनीचा तुमच्या पहिल्या विमानाशी काही संबंध नसतो. तुम्ही उशिरा आलात, विषय संपला. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर असता तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी होती. आणि बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की जातानाच्या विमानाला न कळवता गैरहजर राहिलात, तर त्याच तिकिटावरचं परतीचं आरक्षणही बहुतेक कंपन्या रद्द करतात. मी साताऱ्यातूनच फोन करून कळवलं होतं म्हणून परतीचं तरी वाचलं. चार हजार वाचवायला गेले आणि बासष्ट हजार घालून बसले. घरी हे अजून चेष्टेत निघतं.

आता माझा नियम एकच. लेकरू बरोबर असेल तर आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची. सकाळी मुंबई, दिवसभर दादरला मावशीकडे मुक्काम, पोरीला आंघोळ, वरणभात, दुपारची झोप, रात्री विमानतळ. कुणी म्हणतं एक दिवस वाया गेला. जाऊ दे की. पावसाळ्यात तर दोन दिवस आधी निघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. तेव्हा गाडी, पैसा, ओळख, काहीही चाललं नाही.

पोराचं सामान मोठ्या बॅगेत

जर्मनीहून परत येताना कतारमध्ये दोह्याच्या विमानतळावर विमान अकरा तास लेट झालं. केबिन बॅगेत काय होतं? लॅपटॉप, भावजयीनं दिलेली चॉकलेटं, माझी साडी चुरगळू नये म्हणून तीही हातात. आणि डायपर दोन. बाकी सगळा संसार विमानाच्या पोटात. तिसऱ्या तासाला संत्र्याचा रस अंगावर सांडला, पाचव्या तासाला डायपर संपले. पोरगी माझ्या ओढणीत गुंडाळून झोपली. तिथं मधोमध एक भलंमोठं पिवळं अस्वल बसवलंय, दोन मजली घराएवढं. लोक पोरांना हौसेनं दाखवायला नेतात. आमची त्याला बघून इतकी घाबरली की पुढचे सहा तास त्या बाजूला जायचं नाही. स्वच्छतागृह त्याच बाजूला.

तेव्हापासून हिशेब सोपा: घर ते घर जितके तास, त्यात बारा मिळवायचे आणि तेवढ्याचं सगळं हातात ठेवायचं. तीन तासांना एक डायपर. कपड्यांचे दोन जोड पोराचे, आणि एक कुडता तुमचा, कारण उलटी तुमच्याच अंगावर होणार असते. तापाचं औषध डॉक्टरांनी वजनाप्रमाणं लिहून दिलेल्या मात्रेच्या चिठ्ठीसह. हातातल्या बॅगेत पातळ पदार्थ शंभर मिलिलिटरपर्यंतच, या नियमातून बाळाचं दूध आणि खाणं प्रवासापुरतं वगळतात, फक्त तपासणीला ते बाहेर काढून दाखवा. बॅगेच्या तळाशी दडवून मग वाद घालू नका.

खाण्याला राजगिऱ्याचे लाडू, दशम्या, मेतकूट. विमानतळावरचं महागडं पास्ता पोर खात नाही, दशमी खातं. भडंग नको. तेलकट हात आणि सीटखाली चुरमुरे, पुढचं मी सांगत नाही. आणि युरोपात जाताना पेढे भरू नका, दुधाचे पदार्थ न्यायला तिथं बंदी आहे. बाळाच्या दुधाच्या पावडरीला दोन किलोपर्यंत सूट आहे.

"थोडं झोपेचं औषध दिलं की झालं"

याच्यावर मी चिडतेच. गल्लीतली कुणी तरी सांगते, सर्दीचं औषध चमचाभर पाज, दिल्लीपासून लंडनपर्यंत हूं की चूं नाही. एक तर काही मुलं त्यानं झोपत नाहीत, उलट पिसाळतात. दुसरं, प्रोमेथाझिनसारखं गुंगी आणणारं सर्दीचं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं, श्वास मंदावू शकतो. आणि विमान चार तास पुढं गेलं तर? गुंगी गेटवरच उतरते आणि चिडकं, अर्धवट झोपलेलं पोर घेऊन तुम्ही विमानात चढता. दमवायचं असेल तर रिकाम्या गेटपाशी पळू द्या. लोक बघतात, बघू देत.

काउंटरवर कोल्हापुरी आवाज

आपला रांगडेपणा तिथं चालत नाही. समोरच्या पोरीनं विमान थांबवलेलं नसतं. शांतपणे जाऊन मागा, पण मागा, कारण न मागता काही मिळत नाही. भारतातून सुटणाऱ्या लांबच्या विमानाला चार तासांवर उशीर असेल तर खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून लेट असेल तर हॉटेलही. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघत असाल तर तिथला २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो, मग कंपनी कुठल्याही देशाची असो. साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढच्या प्रवासात पोचायला उशीर फार झाला तर माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई. वेगळी सीट काढलेल्या पोराचीही मागायची. वादळबिदळ असेल तर पैसे नाहीत, पण जेवण आणि हॉटेल तरीही द्यावं लागतं. बोर्डिंग पास फेकू नका, उशिराच्या फलकाचा फोटो काढून ठेवा.

उरलेल्या चुका थोडक्यात.

पोराला "पाच मिनिटांत निघणार" सांगू नका. तिसऱ्यांदा ते विश्वास ठेवत नाही आणि चौथ्यांदा लोळण घेतं. "उशीर आहे, आता आपण जेवणार" एवढं सांगा.

लेट विमानाची सांगितलेली वेळ परत अलीकडंही येते. चार तास लेट म्हणून दूर जाऊन झोपलेलं एक कुटुंब विमान हुकवून बसलं होतं. मुंबईला गेटच्या घोषणा बहुतेक होत नाहीत, फलक बघत राहा.

हॉटेल मिळालं म्हणून नाचू नका. परदेशात मधल्या मुक्कामावर बाहेर पडायला व्हिसा लागू शकतो, तिकीट काढतानाच विचारा.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत टाकली तर ती बॅग उघडायला तुम्हालाच बोलावतात.

मध्यरात्री साडेबाराचं विमान चौदा तारखेचं असेल तर विमानतळावर तेराच्या रात्रीच पोचायचं. हसू नका, दरवर्षी हे चुकवून एक जण तरी दुकानात येतो.

बाबागाडी गेटवर देताना टॅगकडे बघा आणि तोंडानं विचारा: मधल्या विमानतळावर विमानाच्या दारात मिळणार की थेट शेवटच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर? शेवटी मिळणार असेल तर कांगारू बॅग किंवा जुनी सुती साडी हातात ठेवा. अकरा तास कडेवर घेऊन माझा डावा खांदा अजून पावसाळ्यात दुखतो.